.२२ हॉर्नेट घरी भरायचंय, पावडर कोणती घ्यावी?

ऑस्टिनवासी
नमस्कार मंडळी. टेक्सासात राहतो, ग्रीन कार्ड आहे, रायफल रीतसर घेतलेली आहे: सीझेड ५२७, .२२ हॉर्नेट. या काडतुसाचे डबे दुकानात क्वचित दिसतात, आणि भाव ऐकून डोळे पांढरे होतात. उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या केसेस, म्हणजे पितळी कवचं, जपून ठेवल्यात. ती पुन्हा भरायला प्रेस आणि डाय (केस आकारात आणायचा साचा) घेतोय. घोडं अडलंय ते पावडरवर. दुकानदार म्हणतो, लिलगन नावाची पावडर घे. रेंजवरचे एक गृहस्थ म्हणतात, पिस्तुलाची झटपट जळणारी पावडर चिमूटभर घाल, एक डबा कित्येक दिवस पुरेल. कोणाचं ऐकू?

दख्खनी नेमबाज
दुकानदाराचं. का, ते सांगतो.

हॉर्नेटची केस एवढीशी. मोठ्या रायफलींची संथ पावडर तिच्यात पुरेशी मावतही नाही, म्हणून त्यातल्या त्यात वेगानं जळणारीच लागते. लिलगन मुळात .४१० शॉटगनसाठी काढलेली, पण हॉर्नेटला अशी जमली की विचारू नका. तिची मापातली मात्रा केस जवळजवळ भरून टाकते. चुकून दुसऱ्यांदा ओतलीत तर पावडर टेबलावर सांडेल आणि तिथेच कळेल. पिस्तुलाची चिमूटभर पावडर मात्र तळाशी बसते. त्यावर दुसरी चिमूट पडली तरी वर जागा उरतेच, आणि वरून गोळी बसली की कोणाला काही दिसत नाही. पुढे ट्रिगर ओढाल तेव्हा गाल रायफलीला टेकलेला असतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

मात्रा इथे कोणाला विचारू नका आणि कोणी सांगितली तरी घेऊ नका. पावडर कंपनीच्या चालू मॅन्युअलमध्ये तुमच्या गोळीच्या वजनासमोरचा सुरुवातीचा आकडा घ्या, प्रायमरही (केसच्या बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी टोपी) तिथे दिलाय तोच. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. एवढ्याशा केसमध्ये ग्रेनच्या दहाव्या भागानंही दाब हलतो, तेव्हा सुरुवातीला प्रत्येक मात्रा तोलून घाला. पंखा बंद, एसीचा झोत काट्यावर नको. टेबलावर पावडरचा एकच डबा. सगळ्या केसेस ब्लॉकमध्ये (भोकं असलेल्या ठोकळ्यात) उभ्या करून टॉर्चनं आत बघा, पातळी सारखी दिसली तरच गोळ्या बसवा.

मेस्कीटचं रान
सहमत. एक भर: कोणी एच११० ही पावडर सुचवेल. चांगली आहे, पण ‘सुरक्षित राहावं’ म्हणून ती मनानं कमी करायची नसते. कंपनी स्वतःच ३ टक्क्यांहून जास्त खाली उतरू नका म्हणते. लिलगनच बरी.
आणि केसची मान, म्हणजे गोळी धरणारा वरचा भाग, कागदासारखी पातळ असते. डायमध्ये जरा तिरकी गेली की चुरगळते. तोंड आतून हलकं तासून घ्या, घाई नको. रायफल तीच असेल तर फक्त मान साइझ करा (डायनं मापात आणा), पितळ जास्त टिकतं.

पुणेकर
काका, हे इथे घरी करता येईल का? माझ्याकडे परवाना आहे, क्लबात खेळतो.

दख्खनी नेमबाज
नाही रे बाबा. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसं बनवायचा परवाना नव्हे. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ वाच. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला संघीय परवाना लागत नाही. विकायची म्हटलं तर अमेरिकेतही लागतो.

ऑस्टिनवासी
आभार! लिलगन पक्की. गोळी किती ग्रेनची? आणि डबे गॅरेजमध्ये ठेवले तर चालतील?

मेस्कीटचं रान
३५ ते ४५ ग्रेन. हॉर्नेटच्या नळीतल्या खाचांचा पीळ बहुधा १६ इंचाला एक फेरा, त्यात लांब गोळी स्थिर राहत नाही आणि मॅगझिनमध्येही मावत नाही. तुमच्या सीझेडला .२२४ इंच व्यासाच्या घ्या. कोणाकडे जुनी हॉर्नेट असेल तर आधी नळी मोजून घ्या, काही .२२३ च्या आहेत.
गॅरेज नको. टेक्सासच्या उन्हाळ्यात तिथे भट्टी होते, पावडर खराब होते. घरात थंड, कोरड्या कपाटात, मूळ डब्यातच, मुलांच्या हाताला न लागेल असं ठेवा. प्रायमर वेगळ्या कप्प्यात. किती साठा चालतो ते तुमच्या शहराच्या अग्निशमन खात्याला विचारून घ्या.