सोसायटीचे अर्ज आणि नोटिसा लिंगनिरपेक्ष कशा लिहायच्या?

माहीम_सचिव
नमस्कार मंडळी. सोसायटीचे मराठी अर्ज नव्याने छापायचे आहेत. भाषा लिंगनिरपेक्ष हवी असं सभेत ठरलंय. सगळीकडे 'करतो/करते' करायचं का? आणि 'श्री./सौ.'चं काय?

मुद्रितशोधक
तिरकी रेघ शक्यतो टाळाच. सही करणाऱ्याने एक शब्द खोडायचा असतो, तो कुणी खोडत नाही. शिवाय दोन्हींत न बसणाऱ्या व्यक्तीला जागाच उरत नाही. 'मी जाहीर करत आहे' लिहा. भूतकाळात 'मी नियम वाचले आहेत', 'मी थकबाकी भरली आहे' चालतं, कारण तिथे क्रियापद नियमांच्या, थकबाकीच्या मागे जातं. अडतं ते 'राहतो/राहते'पाशी. तिथे 'माझे वास्तव्य या सदनिकेत आहे' करा. 'जो सभासद थकबाकी भरणार नाही, त्याला' याऐवजी 'थकबाकी न भरणाऱ्या सभासदांना'. सभासद, अध्यक्ष, खजिनदार हे शब्द आहेत तसेच ठेवा, 'अध्यक्षा' नको.

'सौ.'मधून लग्न झालंय आणि नवरा हयात आहे, हे कळतं. देखभाल शुल्काच्या पावतीला त्याच्याशी काय देणंघेणं? 'श्रीमती' सरकारी पत्रांत सरसकट चालतं, पण अनेक मराठी घरांत ते विधवेसाठीचं समजलं जातं आणि माणसं दुखावतात. नुसतं पूर्ण नाव आणि सदनिका क्रमांक पुरे. 'वडिलांचे/पतीचे नाव' हा रकानाही काढा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. तो जुन्या तीन चौकटींत मावत नाही. एकच लांब चौकट द्या.

काळाघोडा_वकील
वरचं सगळं मान्य. फक्त भाषा बदलताना 'महिला' हा शब्द सरसकट पुसू नका. समितीतल्या महिलांच्या राखीव जागा त्याच शब्दांत राहू द्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं संरक्षण महिलांना आहे. नोटिशीत 'व्यक्ती' घातलंत तर चुकीची माहिती जाईल. उलट बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात 'बालक' म्हणजे 18 वर्षांखालील कुणीही, मुलगा असो वा मुलगी.

लिंगाचा रकाना गरज असेल तरच ठेवा. ठेवलात तर तिसरा पर्याय हवाच. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आहे.

माहीम_सचिव
आभारी आहे. 2020 मध्ये दादरच्या सिग्नलवर बाईची आकृती आली, तीही लिंगनिरपेक्षताच ना?

मुद्रितशोधक
नाही, ते प्रतिनिधित्व. फ्रॉकमधली आकृती स्त्री आहे हे मुद्दाम दाखवते, आणि रस्त्यावर ते दिसायलाच हवं. तुमच्या पार्किंगच्या अर्जात मात्र गाडीचा नंबर हवा, बाई की पुरुष हे नको.