मदत हवी आहे: क्युबन सँडविच दाबताना पाव करपतो, चीज वितळत नाही

मंडळी, घरी क्युबन सँडविच करतेय. मायामी पद्धतीचं, म्हणजे टॅम्पावाल्यांसारखी (दोन्ही अमेरिकेतल्या फ्लोरिडातली शहरं) सलामी न घालता. आत हॅम, स्विस चीज, डिल पिकल (शेपू घातलेलं काकडीचं लोणचं), पिवळा मस्टर्ड आणि 'मोहो' नावाच्या मसाल्यात (आंबट संत्र्याचा रस, लसूण, जिरं, ओरेगानो) मुरवून भाजलेलं पोर्क. पोर्क झकास होतं, सँडविच बनेपर्यंत अर्धं उरतच नाही. अडतंय ते दाबण्यापाशी.

सँडविच दाबून भाजायचा प्रेस नाही आणि ओट्यावर जागा नाही, त्यामुळे 'विकत घे' हा सल्ला नको. बिडाच्या तव्यावर सँडविच, वर फॉइलमध्ये गुंडाळलेली वीट. पावाला बाहेरून लोणी. मंद आचेवर पाव वाळून टोस्टसारखा कडक होतो. आच वाढवली की खालून काळा आणि मधलं चीज गारच. मांस आधी कोमट केलं, चीजचे काप पातळ केले, वीटही तापवून घेतली. थोडाच फरक पडला.

क्युबन पाव इथे मिळत नाही. त्यात डुकराची चरबी असते, वरचं कवच पातळ आणि आत मऊ. मी दुकानातला फ्रेंच ब्रेड घेते, त्याचं कवच जाडच. शेगडी इलेक्ट्रिक कॉइलची आहे, ओव्हन आहे, चरबीही मिळते.

तर आधी ओव्हनमध्ये गरम करून मग तव्यावर दाबायचं का, आणि किती तापमानाला? की पावच घरी करावा लागेल? तसं असेल तर अर्धा किलो मैद्याला चरबी किती घालता?