किंमत न छापलेली जुनी तिकिटे लावलेली पाकिटे परत येत आहेत, मदत हवी आहे

तात्पुरता_सचिव : आमच्या मंडळाचे जे ज्येष्ठ सभासद ई-मेल पाहत नाहीत, त्यांना गणेशोत्सवाची निमंत्रणे टपालानेच पाठवावी लागतात. एका सभासदांनी घर आवरताना सापडलेली, गोंद अजून शाबूत असलेली तिकिटे मंडळाला दिली. त्यांवर किंमतच छापलेली नाही. प्रत्येक पाकिटाला एकेक तिकीट लावले, तर बरीच पाकिटे टपालखर्च अपुरा म्हणून परत आली आणि काही सभासदांना दारात फरकाची रक्कम भरावी लागली. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तिकीट उलटसुलट करून पाहिले आणि संकेतस्थळ पाहा म्हणाला. किंमत नसलेले तिकीट कायम चालते, असेच आजवर ऐकले आहे. गणपती तोंडावर आले आहेत, तेव्हा कृपया एवढेच सांगा, की एका पाकिटाला किती तिकिटे लावायची?

ओसरीवरून : देश कोणता, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. भारतीय टपाल खात्याच्या तिकिटांवर रुपयांतली किंमत छापलेली असते, त्यामुळे प्रश्न नीट कळला नाही.

टेम्सकाठी : हे ब्रिटनमधलेच दिसते. येथे १९८९ पासून किंमतीऐवजी पहिला वर्ग, दुसरा वर्ग असे छापतात. मात्र राणीच्या मुखवट्याची, बारकोड नसलेली नेहमीची तिकिटे ३१ जुलै २०२३ नंतर चालत नाहीत. ती टपालाने पाठवून द्या, बदली तिकिटे फुकट मिळतात.

तात्पुरता_सचिव : मंडळ न्यू जर्सीत आहे. तिकिटांवर राणी नाही, ट्यूलिपचे फूल आहे.

जुना_छांदिष्ट : फुलाजवळ 'एफ' हे अक्षर असेल तर ते १९९१ चे, २९ सेंटचे तिकीट आहे. दरवाढीचा आकडा निश्चित होण्याआधीच छपाई उरकावी लागे, म्हणून अमेरिकी टपाल खाते आकड्याच्या जागी अक्षर छापत असे : १९७८ साली 'ए' म्हणजे १५ सेंट, १९८१ या एकाच वर्षी 'बी' १८ आणि 'सी' २०, पुढे 'डी' २२, 'ई' २५, 'एफ' २९, 'जी' ३२ आणि १९९८ साली 'एच' ३३. अक्षराची किंमत तेव्हा ठरली ती कायमची ठरली. आजच्या दराने चालतात ती 'फॉरेव्हर' तिकिटे, आणि ती आली २००७ मध्ये. तुम्ही ऐकलेले खरे आहे, पण ते त्या तिकिटांबद्दल. साध्या पत्राला जुलै २०२५ पासून ७८ सेंट पडतात, म्हणजे तुमच्या प्रत्येक पाकिटावर ४९ सेंट कमी पडले.

टेम्सकाठी : तरीही बदलून घेणेच श्रेयस्कर, असे माझे मत आहे.

जुना_छांदिष्ट : अहो, अमेरिकेत १८६० नंतरचे न वापरलेले तिकीट आजही वैध आहे, बदलायचे कशासाठी?

पाकीटबहाद्दर : इतकी जुनी तिकिटे पाकिटांना चिकटवून वाया कशाला घालवता? संग्राहकांना विका, उत्सवाचा खर्च निघेल.

जुना_छांदिष्ट : खर्च निघणार नाही. ही तिकिटे अमाप छापली गेली होती. व्यापारी ती दर्शनी मूल्यापेक्षा कमी देऊनच उचलतात आणि पुढे टपालखर्चासाठीच विकतात. सचिवसाहेब, आणखी कोणती तिकिटे आहेत ते लिहा, म्हणजे हिशेब मांडता येईल.

तात्पुरता_सचिव : ट्यूलिप पुष्कळ आहेत. 'सी' अक्षराचा तपकिरी गरुड बराच आहे. काहींवर चित्रच नाही, नुसत्या बारीक मजकुराच्या ओळी आहेत. एका गुंडाळीवर ना-नफा संस्था असे इंग्रजीत छापले आहे. आमचे मंडळ ना-नफाच आहे, तेव्हा ती सरळ लावू का?

जुना_छांदिष्ट : ती मुळीच लावू नका. त्या तिकिटांचे मूल्य अवघे ५ सेंट असते आणि ती केवळ घाऊक टपालासाठी असतात. मंडळ ना-नफा असून भागत नाही. टपाल खात्याचा वेगळा परवाना लागतो आणि एका वेळी किमान २०० पाकिटे किंवा ५० पौंड टपाल द्यावे लागते. चित्र नसलेले तिकीट ४ सेंटचे आहे. २५ सेंटच्या जुन्या तिकिटाशेजारी ते लावले की दोन्ही मिळून 'एफ'ची किंमत होते, एवढेच त्या साऱ्या मजकुरात लिहिलेले आहे. खिडकीवर तो वाचत बसण्याइतका धीर कोणाला असणार? तुमचा हिशेब मात्र चोख जमतो : दोन ट्यूलिप आणि एक तपकिरी गरुड, २९ अधिक २९ अधिक २०, बरोबर ७८.

ओसरीवरून : भारतातल्या निमंत्रितांनाही हेच चालेल का?

जुना_छांदिष्ट : नाही. गरुडावर देशांतर्गत टपालासाठी असे छापलेलेच आहे. परदेशासाठी वेगळे, गोल 'ग्लोबल फॉरेव्हर' तिकीट मिळते.

तात्पुरता_सचिव : आभारी आहे. निमंत्रणासोबत वर्गणीचा कागद आणि परतीचे पाकीट आहे, हे सांगायचे राहिले.

जुना_छांदिष्ट : मग आधी वजन करा. एक औंसाच्या, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमच्या वर गेले, तर पुढच्या औंसाला २९ सेंट पडतात. तेव्हा आणखी एक ट्यूलिप लावा.