सागरी जीवशास्त्राकडून मुक्त विज्ञानलेखनाकडे

खाडीकाठ :
नमस्कार. प्रवाळांवर पीएच.डी. केल्यापासून मी मुदतीच्या प्रकल्पांवर संशोधक म्हणून काम करते. शोधनिबंधापेक्षा तोच विषय सर्वसामान्य वाचकांना उलगडून सांगण्यात मन अधिक रमते, म्हणून पूर्णवेळ मुक्त लेखन करावे असे वाटते. मात्र माझ्या प्रस्तावांवर संपादकांचे उत्तर येते, "विषय चांगला आहे, पण यात लेख दिसत नाही." हा फरक नेमका कोणता? शिवाय, पूर्वीच्या सहकाऱ्यांच्या संशोधनावर लिहिणे योग्य ठरेल का?

भरती :
'प्रवाळांचे विरंजन' हा विषय झाला. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा अंशभराने वाढून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या ऊतींमधील सहजीवी शैवाले बाहेर टाकून पांढरे पडतात, हे आपण सारेच सांगू शकतो. परंतु पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसतात, पाणी वेळेत निवले तर ते सावरू शकतात. त्या मधल्या काळात कोण काय करून पाहत आहे आणि त्यातून नवे काय कळले, यात लेख असतो. प्रस्तावात तेवढेच मांडावे, विषयाची ओळख करून देण्यात जागा घालवू नये.

आपल्या शिक्षणाचा खरा उपयोग बारकाव्यांत होतो. औद्योगिक काळाच्या प्रारंभापासून समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सरासरी सामू (पीएच, तो जितका कमी तितके पाणी आम्लतेकडे झुकलेले) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. हा फरक वाचकाला किरकोळ वाटतो. पण सामूची मोजपट्टी लॉगरिदमिक, म्हणजे दर अंकाला दहापट फरक दाखवणारी, असल्याने ०.१ ने घट म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये सुमारे २६ टक्के वाढ, हे सांगितले की त्याचे गांभीर्य ध्यानात येते. त्याच वेळी 'समुद्र आम्ल झाला' असे लिहिता येत नाही, कारण ते पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे. हे दोन्ही एकाच परिच्छेदात सांभाळणारा लेखक संपादकाला हवा असतो.

दीपस्तंभ :
दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत ठाम आहे : मार्गदर्शक, सहलेखक आणि जुनी प्रयोगशाळा यांच्याविषयी वृत्तलेख लिहू नये, आणि दूरचा संबंध असला तरी तो संपादकाला आधीच लेखी कळवावा. एखाद्या संस्थेची प्रसिद्धिपत्रके मोबदला घेऊन लिहीत असाल, तर तिलाही हाच नियम लावावा. हे सांगण्याचे कारण असे, की केवळ नियतकालिकांच्या मानधनावर भागणे कठीण असते, आणि अहवाल, माहितीफलक, शोधनिबंधांचे भाषासंपादन ही कामे अनेकांना घ्यावीच लागतात.

आणखी एक सवय मोडावी लागेल. शोधनिबंधाचा मसुदा सर्व सहलेखकांच्या नजरेखालून जातो. वृत्तलेखाचा संपूर्ण मसुदा मात्र मुलाखत दिलेल्या शास्त्रज्ञाला सहसा दाखवत नाहीत, त्याच्याकडून तथ्ये आणि त्याची विधाने तेवढी पडताळून घेतात. करारात हक्क कोणाकडे राहतील आणि स्वीकारलेला लेख छापला नाही तर किती रक्कम मिळेल, हेही पाहावे.

शिंपला :
नोकरी लगेच सोडू नका. सागरी जीवशास्त्रज्ञ आणि लेखिका रेचेल कार्सन यांनी अमेरिकी सरकारच्या मत्स्यविभागात नोकरी करत असतानाच लेखन केले आणि पुस्तकाला यश मिळाल्यानंतर, १९५२ मध्ये राजीनामा दिला.

खाडीकाठ :
मनःपूर्वक आभार. सध्याच्या प्रकल्पाची मुदत संपेपर्यंत नोकरी ठेवते आणि विरंजनाचा प्रस्ताव नव्याने लिहिते. त्यासाठी ज्यांच्याशी बोलायचे ठरवले होते, ते माझे सहलेखकच आहेत, तेव्हा आता दुसऱ्या गटातील संशोधक शोधावे लागतील.