शब्दचर्चा : ‘दाब’, ‘दबाव’ आणि ऊर्जेची ‘पुनःप्राप्ती’

प्रश्न : शहरी पाणीपुरवठ्याच्या जाळ्यावरील एका तांत्रिक पुस्तिकेचा मराठी अनुवाद करताना तीन ठिकाणी अडलो आहे. ‘दाब’ आणि ‘दबाव’ यांपैकी कोणता शब्द वापरावा, ही पहिली अडचण. जलवाहिनीतील जास्तीचा दाब झडपेत मारून टाकण्याऐवजी त्यावर टर्बाइन चालवून वीज मिळवतात, त्या पद्धतीला ‘ऊर्जा पुनर्प्राप्ती’ म्हणणे योग्य ठरेल का, ही दुसरी. तिसरी अडचण अशी की, या कामासाठी अनेकदा साधा पंपच उलट्या दिशेने चालवून टर्बाइनसारखा वापरतात आणि मी त्याला ‘उलटा पंप’ असा शब्द योजला होता. पंपगृहात उमेदीची वर्षे घालवलेल्या एका स्नेह्यांना मसुदा दाखवला, तर ते नुसतेच हसले.

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. एकक क्षेत्रफळावर पडणारे बल म्हणजे ‘दाब’. ‘दबाव’ माणसांवर येतो किंवा आणला जातो. वातावरणाचा दाब, रक्तदाब आणि नळाच्या पाण्याचा दाब ही एकाच घरातली मंडळी आहेत.

खरी पंचाईत पुढे आहे. मराठीत विजेच्या व्होल्टेजलाही ‘दाब’च म्हणतात, म्हणूनच ‘उच्चदाब वाहिनी’ म्हटल्यावर वाचकाला विजेची तार दिसते. आपल्या पुस्तिकेत पाणी आणि वीज एकाच पानावर नांदणार असल्यामुळे ‘उच्चदाब वाहिनीवर टर्बाइन बसवावे’ हे वाक्य धोक्याचे ठरेल. तेथे ‘जलदाब’ आणि ‘विद्युतदाब’ असे पूर्ण शब्द लिहावेत, किंवा विजेसाठी सरळ ‘व्होल्टेज’ ठेवावे.

दाब मीटरमध्ये सांगण्याच्या प्रथेविषयीही एक टीप द्यावी. ‘३० मीटर हेड’ म्हणजे ३० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब, अर्थात साधारण ३ बार. परिभाषेत याला ‘शीर्ष’ म्हणतात. परंतु कामावर हा शब्द कोणी उच्चारत नाही, तेव्हा कंसात ‘हेड’ लिहिण्यात कमीपणा मानू नये.

जाळ्यातील दाब मागणीप्रमाणे योग्य पातळीवर राखण्याला म्हणतात त्या ‘दाब व्यवस्थापन’ या शब्दाऐवजी ‘दाब कमी करणे’ असे सोपे करून लिहिण्याचा मोह मात्र टाळावा. वर्तमानपत्रातील ‘कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे वाक्य वाचून लोक बादल्या भरून ठेवतात. त्या शब्दांना तक्रारीचा वास कायमचा चिकटला आहे. शिवाय अर्थही तोकडा पडतो. रात्री मागणी घटली की वाहिनीतील प्रवाह मंदावतो आणि घर्षणात खर्च होणारा दाब वाचतो. प्रवाह निम्मा झाला तर ही घट जवळपास चौथाईवर येते, म्हणजे भर मागणीच्या वेळी २४ मीटर हेड घर्षणात जात असेल, तर रात्री केवळ ६ मीटर जाते आणि उरलेल्या १८ मीटरचा भार, कोणालाही पाणी नको असताना, नळांवर आणि सांध्यांवर पडतो. गळती याच वेळी वाढते. छिद्र कडक आणि ठरावीक आकाराचे असेल तर दाब निम्मा केल्यावर गळती सुमारे ७० टक्क्यांवर येते; प्लॅस्टिकच्या नळातील चीर मात्र दाबाबरोबर स्वतःच रुंदावत असल्यामुळे तेथे दाब घटवण्याचा लाभ पुष्कळच अधिक होतो. एवढे सगळे साधताना सर्वांत उंचावरच्या किंवा सर्वांत दूरच्या ग्राहकाला पुरेसा दाब मिळत राहिला पाहिजे. ‘व्यवस्थापन’ हा शब्द एरवी मला फारसा आवडत नाही, पण येथे त्याने आपली जागा कमावली आहे.

आता ‘पुनर्प्राप्ती’. संधिनियमाप्रमाणे ‘प’पूर्वी विसर्ग राहतो, म्हणून ‘पुनःप्राप्ती’. ‘पुनर्’ हे रूप पुनर्वसन, पुनर्विचार अशा शब्दांत शोभते. अर्थाचा प्रश्न यापेक्षा रंजक आहे. झडपेत मारलेला दाब नाहीसा होत नाही, तो खळबळीतून उष्णतेत जातो, आणि ती उष्णता इतकी क्षुल्लक असते की ३० मीटर हेड मारल्यावर पाणी जेमतेम ०.०७ अंश सेल्सिअसने तापते. त्याच जागी सेकंदाला ५० लिटर पाणी वाहत असेल, तर प्रवाहात १४.७ किलोवॉट शक्ती असते आणि ६० टक्के कार्यक्षमतेने त्यातून ८.८ किलोवॉट वीज हाती येते. पाणी पंपाने वर चढवलेले असेल, तर ही आपण आधीच खर्चलेल्या विजेतील थोडी रक्कम परत आली असे म्हणता येते, आणि तेथे ‘पुनःप्राप्ती’ चोख बसतो. डोंगरातील जलाशयातून गुरुत्वाने येणाऱ्या पाण्यासाठी आपण काहीच खर्चलेले नसते; मग ‘पुनः’ कशाचे? तेथे मी ‘वाया जाणाऱ्या दाबातून वीजनिर्मिती’ असे लिहीन.

दुसरे मत : ‘ऊर्जावसुली’ का नको? शब्द घरचा आहे आणि दिलेले परत घेण्याचा अर्थही त्यात आहे.

तिसरे मत : अर्थ आहे, पण वसुली म्हटली की समोर देणेकरी लागतो. राहिले हसण्याचे कारण. वीज गेली आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी माघारी येऊ न देणारी झडप) नीट बसला नाही, की ऊर्ध्ववाहिनीतील, म्हणजे पाणी वर चढवणाऱ्या नळातील, पाणी माघारी येते आणि पंप उलटा गरगरू लागतो. फेजची अदलाबदल झाली तरी मोटर उलटी फिरते. पंपगृहात ‘पंप उलटा फिरतोय’ ही हाक ऐकली की हातातला चहा तसाच ठेवून धावायचे असते. आपल्या मसुद्यात नेमकी तीच आपत्ती उपाय म्हणून छापलेली पाहून आपले स्नेही हसले असणार. गंमत अशी की माघारी येणाऱ्या पाण्याने पंप फिरणे आणि आपली वीजनिर्मिती, या दोन्हींमागची भौतिक घटना एकच आहे. केंद्रोत्सारी (सेंट्रिफ्यूगल) पंप अशा रीतीने टर्बाइनचे काम करतो हे १९३१ मध्ये थोमा आणि किट्रेज या अभियंत्यांनी प्रयोगांतून मांडले होते. ‘टर्बाइन म्हणून चालवलेला पंप’ हे लांबलचक असले तरी निःसंदिग्ध आहे. अशा पंपाला प्रवाह कमीजास्त करणारी हलती पाती नसतात, म्हणून शेजारी दाब घटवणाऱ्या झडपेची पर्यायी वाट ठेवावी लागते. त्या झडपेसाठी ‘पीआरव्ही’ (प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह) हे संक्षिप्त रूप वापरू नये, कारण दाब फार चढला तर पाणी बाहेर सोडून देणाऱ्या झडपेलाही काही जण तेच म्हणतात. ‘दाब घटवणारी’ आणि ‘दाब सोडणारी’ असे दोन वेगळे शब्द ठेवावेत.

प्रश्नकर्ता : स्नेह्यांना विचारले. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचाच किस्सा निघाला. ‘उलटा पंप’ सर्व पानांवरून काढला आहे; ‘पुनःप्राप्ती’ पंपाने चढवलेल्या पाण्याच्या प्रकरणातच राहील.