'सिरियलाइज'ला 'उतरवणे' म्हणावे का?

कर्दळ: एका वेब एपीआयच्या (प्रोग्रामांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायची सोय) माहितीपुस्तिकेचा अनुवाद करते आहे. तारीख-वेळ 'सिरियलाइज' होताना तिचं रूप आपल्याला हवं तसं कसं ठरवायचं, यावर एक प्रकरण आहे. मी 'क्रमिकीकरण' लिहिलं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'दिनांकांचे अनुक्रमण' केलं. दोन्ही वाचून तारखा ओळीने लावायच्या आहेत असं वाटतं. खरं काम वेगळंच: जेसॉनमध्ये, म्हणजे माहिती पाठवायच्या मजकुरी साच्यात, तारीख हा प्रकारच नाही, म्हणून ती मजकूर किंवा आकडा करून पाठवायची. काय म्हणावं?

पाणवठा: ऑफिसात आम्ही 'सिरियलाइज करतो' म्हणतो. वाचणारेही प्रोग्रामरच. तसंच ठेवा.

जुनीवही: 'उतरवणे' घ्या. तलाठ्याच्या दप्तरातून हाती येतो तो सातबाराचा उतारा. मूळ नोंद जागेवर राहते, लिखित प्रत बाहेर जाते. 'तारीख कोणत्या साच्यात उतरवायची' हे कुणालाही कळेल.

पाणवठा: उताऱ्यात लिखिताचं लिखित होतं. इथे मूळ लिखित नसतं. आणि उलट क्रियेला काय, 'चढवणे'?

जुनीवही: 'वाचून घेणे'. मनातलंही आपण कागदावर उतरवतोच की!

शमी: आधी 'तारीख' काढा, अरबी आहे. सावरकरांनी रूढ केलेला 'दिनांक' असताना अडतं कुठे?

पाणवठा: 'जन्मतारीख' म्हणताना कुणी अडखळत नाही. तिच्यावरूनच सांगतो. एका अर्जात १५ ऑगस्ट भरलेल्यांची जन्मतारीख १४ ऑगस्ट छापून आली. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेने १५ तारखेची मध्यरात्र धरली आणि जेसॉन करताना यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नेली. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून १४ ऑगस्ट, १८:३०, शेवटी यूटीसीची खूण झेड. पलीकडच्या प्रोग्रामने पहिली दहा अक्षरं, म्हणजे नुसती तारीख, घेतली, संपलं. जन्मतारीख हा क्षण नव्हे, नुसता दिवस आहे. तिला घड्याळ चिकटवलं तिथेच चूक झाली. त्या प्रकरणात 'तारीख' आणि 'तारीख-वेळ' हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवा.

शमी: मग तिथी पाहा. सूर्योदयाला असेल ती त्या दिवसाची तिथी, म्हणून गावागणिक बदलू शकते. स्थळ सांगितल्याशिवाय दिवस सांगायचा नाही, हे पंचांगवाल्यांना केव्हाच कळलं होतं.

कर्दळ: 'वेळ'चाही घोळ आहे. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहायच्या आंतरराष्ट्रीय मानकात १४:३० ही वेळ लिहिता येते, तसा पी-टी-३०-एम म्हणजे तीस मिनिटांचा कालावधीही. दोन्हींना मी 'वेळ' लिहिलं.

जुनीवही: मराठीने ते लिंगावर निभावलं आहे. निघायची वेळ *झाली*, पोचायला वेळ *लागला*. पहिली 'वेळेवर' होते, दुसरा 'थोड्या वेळाने'. १४:३० ती वेळ, तीस मिनिटं तो वेळ. इतकी नेमकी सोय हाताशी असताना नवा शब्द घडवू नये.

शमी: पुस्तिकेत लिंगावर विसंबू नका. 'वेळ पाठवा' यात लिंग दिसतं कुठे? कालावधीला 'अवधी'च लिहा.

जुनीवही: 'दिलेली वेळ', 'दिलेला वेळ'. विशेषण लावलं की दिसतं.

पाणवठा: आमच्या घरी दोन्हीला 'टाइम'. टाइम झाला, टाइम लागला. दोन्ही पुल्लिंगी, आणि कुणाचं अडत नाही.

जुनीवही: अडत नाही, पण एक भेद पुसला जातो. मला तो हवा आहे.

कर्दळ: आणि 'उतरवणे'चं काय ठरलं?

शमी: 'अवधी' पुल्लिंगी आहे, तेवढं सांभाळा.