शब्दचर्चा : 'परवाना' हक्काचा की मर्जीचा?

पारिजात :
एका मुक्त सॉफ्टवेअरची मदतपानं आम्ही काहीजण फावल्या वेळात मराठीत आणतोय. 'लायसन्स'ला आजवर सरसकट 'परवाना' लिहीत आले, परवा मात्र हात थांबला. एकाच पानावर जीपीएललाही, म्हणजे कोड वापरायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क देणाऱ्या कागदालाही, 'लायसन्स' म्हटलं होतं आणि एका कंपनीने आपलं साधन ज्या अटींवर फुकट वापरू दिलं, त्या कागदालाही. दोन्हींना एकच शब्द लावणं मला पटत नाही.

ते पान बिटकीपरविषयी होतं. २००२पासून लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातल्या, बदलांची नोंद या साधनात ठेवली जाई. साधन बिटमूव्हर कंपनीचं, स्रोत (मूळ कोड) बंद. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पैसे पडत नसत, पण बिटकीपरशी स्पर्धा करणाऱ्या साधनावर त्यांनी काम करायचं नाही, अशी अट होती. म्हणजे कर्नलसाठी राबणाऱ्याने इतर वेळात काय लिहायचं नाही, हेही कंपनीच ठरवणार. अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि २००५मध्ये कंपनीने फुकट आवृत्तीच बंद केली. ट्रिजेल यांनी तो परवाना घेतलेलाच नव्हता, तरी भोगलं सगळ्यांनी. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना कर्नलचं काम बाजूला ठेवून नवं साधन लिहावं लागलं. तेच गिट, एप्रिल २००५मधलं. मर्क्युरियल हे तसंच दुसरं साधनही त्याच महिन्यातलं.

आज गिट आहे म्हणून ही गोष्ट आपण आनंदाने सांगतो. त्या आठवड्यात मात्र एवढ्या मोठ्या प्रकल्पाच्या पायाखालची जमीन गेली होती.

नोंदवही :
ताई, मी बरीच वर्षं दस्त लिहिण्याचं काम केलं आहे. बिटमूव्हरच्या कागदाला 'परवाना' अगदी चपखल बसतो. आपल्याकडचा घरांचा ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार आठवा. १८८२च्या ईझमेंट कायद्यानुसार परवान्याने मिळकतीत कसलाही हितसंबंध तयार होत नाही. एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं, ते करायची मुभा तेवढी मिळते. देणारा ती सहसा मागेही घेऊ शकतो. त्याला दोन अपवाद आहेत, त्यातला एक इथे आठवतो. परवान्याच्या भरवशावर कोणी स्वतःच्या खर्चाने पक्कं बांधकाम केलं, तर परवाना मागे घेता येत नाही. कर्नलवाल्यांचं तीन वर्षांचं काम माझ्या मते पक्कं बांधकामच होतं, पण उभं होतं दुसऱ्याच्या जागेत.

जीपीएलला मात्र 'सनद' म्हणा. सनदेत हक्क मिळतो.

कळफलक :
'सनद' कानाला छान वाटते, पण वकिलाची सनद रद्द होते की! शिवाय सनद म्हटलं की वर बसून ती देणारा कोणीतरी आलाच. जीपीएलची २००७ची तिसरी आवृत्ती स्पष्ट सांगते, की अटी पाळल्या जात असतील तर दिलेले हक्क प्रताधिकाराची मुदत संपेपर्यंत मागे घेता येणार नाहीत. हा गुण ज्यातून कळेल असा शब्द हवा.

याचा प्रत्यय मी कामावर घेतला. ऑगस्ट २०२३मध्ये हाशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म हे सर्व्हर वगैरे उभारायचं साधन एमपीएल या मुक्त परवान्यावरून बीएसएल या बंधनं घालणाऱ्या परवान्यावर नेलं. कोड पूर्वीसारखाच वाचता येतो, पण तो वापरून कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा विकता येत नाही. प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी खुली होणार. जुन्या आवृत्त्या एमपीएलखालीच राहिल्या, म्हणून लोकांनी तिथून ओपनटोफूची फांदी काढली, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प सुरू केला, आणि सप्टेंबरपर्यंत ती लिनक्स फाउंडेशनकडे गेलीसुद्धा. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४मध्ये परवाना बदलला, तेव्हा अशीच व्हॅल्की ही फांदी निघाली.

दिलेला हक्क बुडाला नाही, हे खरं. माणसं मात्र दुभंगली. टेराफॉर्मच्या नव्या कोडमधली दुरुस्ती ओपनटोफूत उचलून आणता येत नाही, तीच चूक दोनदा सोडवावी लागते. ज्यांनी वर्षानुवर्षं रात्री जागून दुरुस्त्या पाठवल्या, त्यांना निर्णय झाल्यावर कळतं. पुढच्या प्रकल्पाला हातभार लावताना असा माणूस आधी परवान्याच्या मालकाचं नाव शोधतो. मीही तेच करतो.

शब्दांची एक जोडी सुचवतो. बीएसएलसारख्या कोडला 'खुला स्रोत' म्हणू नये, 'उघडा स्रोत' म्हणावं. घराचं दार उघडं असलं म्हणजे घर सगळ्यांना खुलं असतं असं नाही.

पारिजात :
'उघडा' आणि 'खुला' मी लगेच घेतले. मराठीत हा फरक आयता होता आणि आपण दोन्ही शब्द एकाच खुंटीला टांगत होतो.

'सनद' सोडते. 'परवाना' शब्द राहू दे, रूढ आहे. त्याला विशेषण जोडू. जीपीएल, एमपीएल हे 'हक्काचे परवाने', बिटमूव्हरचा 'मर्जीचा परवाना'. चालेल?

नोंदवही :
'मर्जी' दस्तात लिहिलेली पाहिली नाही. 'इच्छाधीन परवाना' जास्त नेमकं होईल.

पारिजात :
नेमकं आहे, पण वाचणाऱ्याला थांबून अर्थ लावावा लागेल. मर्जी फिरली की काय होतं, हे मात्र कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. कायद्याच्या मजकुरात तुमचा शब्द ठेवते, मदतपानात माझा.

पुढे २०१६मध्ये बिटकीपरसुद्धा अपाची या मुक्त परवान्याखाली खुलं झालं. त्यामुळे ती ओळ आता अशी लिहिली आहे : 'कर्नलवाल्यांकडे बिटकीपरचा मर्जीचा परवाना होता, हक्काचा परवाना आला तो अकरा वर्षांनी, गिट सगळीकडे रुजल्यावर.'